रा. रा. कॅच-ब्लॉककार साहेबांच्या सेवेशी

प्रति,
रा. रा. कॅच-ब्लॉककार साहेब,
मुक्काम हिंजवडी, खराडी, बंगळुरू अथवा जिथे एसी चालू असेल तिथे.

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपलं शुभनाव ठाऊक नाही, क्षमा असावी. बाकी आपल्याविषयी पुष्कळ ठाऊक आहे. आपल्या पॅकेजचं नाव, क्लासचं नाव, मेथडचं नाव, ज्या ओळीवर गाडं अडलं तिचा क्रमांक, डेटाबेसमधल्या तक्त्याचं नाव आणि त्यातल्या रकान्याचंही. हे सगळं आपण वेळोवेळी आमच्या पडद्यावर छापलंत. स्वतःचं नाव तेवढं विनयानं मागे ठेवलंत. इतका निगर्वी माणूस हल्ली मिळत नाही.

पत्र उघड लिहितोय, कारण खासगीत धाडायला पत्ता नाही. पोर्टलवर ‘संपर्क’ असं बटण आहे. ते दाबलं की तिथेही आपणच भेटता.

मी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकचा. मंचरजवळचं गाव. गावात माझं फॉर्म भरायचं दुकान आहे: एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि बाहेर बाकडं. कॉलेजात जावा शिकलो होतो. नोकरी काही त्यात लागली नाही, पण शिक्षण वाया गेलं असं आपल्या कृपेनं कधी वाटलं नाही. रोज दहा ते सहा आपलंच लेखन वाचून दाखवतो.

२०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची झाली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. योजना कुणाचीही असो, वाट खिडकीतून जाते आणि बऱ्याच खिडक्यांत आपण उभे असता. कुठल्या पोर्टलवर काय झालं ते मी इथे सांगणार नाही. आपली कीर्ती एका पोर्टलात मावण्याएवढी थोडीच आहे!

आधी ‘मल्टिपल पॉइंट्स’बद्दल आभार मानतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. एकरभर रान असेल तर ०.४०.००. मध्ये दोन टिंबं. बाकड्यावरच्या एका आबांनी सातबारा पुढे धरला, मी इंग्रजी आकड्यांत जसंच्या तसं टंकलं, आणि आपण लाल अक्षरांत कळवलंत: ‘मल्टिपल पॉइंट्स’. कुठल्या चौकटीत, कसले पॉइंट, त्यांचं काय करायचं, अवाक्षर नाही. आमच्याकडे पॉइंट म्हणजे बोअरसाठी पाणाड्या दाखवतो तो. आबांचा चेहरा उजळला. रानात एकापेक्षा जास्त निघाले, आणि तेही सरकारी खर्चानं!

आपण दशांश संख्या समजून वाचायला गेलात आणि तिच्यात दुसरं टिंब आलं, एवढीच हकीकत होती. जावानं ती आपल्याला सांगितली होती. आपण ती न वाचताच आबांच्या हातात ठेवलीत.

मग आकडे मराठीत टाकून पाहिले. जावाला मराठी आकडे येतात, साहेब. पूर्णांक वाचायचा असला तर ‘१२’ तो मुकाट बारा म्हणून घेतो. दशांश वाचताना मात्र त्याला ते चालत नाहीत, म्हणून उत्तर आलं ‘फॉर इनपुट स्ट्रिंग’ आणि पुढे अवतरणात आम्ही टाकलेला आकडा. आम्ही काय लिहिलं ते आम्हालाच परत. इतका लांब जाऊन आलेला आकडा सुखरूप पाहून बरं वाटलं.

पण आपल्या प्रतिभेचा खरा साक्षात्कार झाला तो एका ज्ञानेश्वररावांच्या अर्जात. पहिलं नाव टाकलं, ‘पुढे’ दाबलं, आणि ओरॅकलचा १२८९९ क्रमांकाचा संदेश समोर: ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर कॉलम’, मग तक्त्यासकट रकान्याचं संपूर्ण नाव, आणि कंसात ‘अॅक्च्युअल ३०, मॅक्झिमम २५’. ज्ञानेश्वररावांनी बोटांवर अक्षरं मोजली. ज्ञा, ने, श्व, र. ‘चार हायेत की. तीस कुठनं आली?’

आली ती अशी. संगणकाच्या लेखी ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व आणि र. चिन्हं दहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात. रकाना करताना आपण नुसतं २५ म्हणालात, २५ अक्षरं म्हणाला नाहीत. तसं न सांगितलं की ओरॅकल बाइट मोजतो. त्या आकड्यापुढे ‘कॅर’ एवढं लिहायचं राहिलं. चाचणीला आपण ‘टेस्ट’ किंवा ‘एबीसी’ हे नाव घेतलं असणार. त्या नावाचं कुणी आमच्या गावात राहत नाही.

शेवटी आम्ही ‘ज्ञानू’ लिहिलं. १८ बाइटांत बसला. अर्ज गेला, आणि आधारवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून पुढच्या टप्प्यावरून परत आला. माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले असं आम्ही मानतो. त्या रेड्याची समाधीही लांब नाही, शेजारच्या जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. आपल्या यंत्राच्या मुखी खुद्द माउलींचं नावसुद्धा पुरतं येईना, हा चमत्कार मात्र आमच्या पिढीच्या वाट्याचा.

आपल्या संक्षेपाचंही कौतुक राहायला नको. एका पोर्टलवर, तिथे जावाची जुनी आवृत्ती असावी, आपण लिहीत होतात: ‘त्रुटी: नल’. विहिरीच्या अनुदानाला आलेल्या एका तात्यांनी विचारलं, ‘पुढं काय लिवलंय?’ पुढं काही नव्हतं. जुन्या जावात नल पॉइंटर एक्सेप्शनकडे स्वतःचा असा संदेशच नसायचा. संदेश मागितला की ते रिकामे हात दाखवायचं. आपण ते रिकामे हातही काळजीपूर्वक छापलेत, आणि वर ‘त्रुटी’ असा मथळा दिलात.

हा नल संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला, आणि २००९ मध्ये त्यांनी जाहीरपणे त्याला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटलं. मध्ये ४४ वर्षं गेली. आपण काही म्हणाल त्याचीही आम्ही वाट बघू, घाई नाही.

२०२० साली जावानं सुधारणा केली. नल नेमका कुठे सापडला ते तो आता सविस्तर सांगतो. प्रोग्रामरचे तास वाचावेत म्हणून केलेली ही सोय आपण थेट आमच्या बाकड्यावर आणून पोचवलीत. तिचा पहिला लाभ झाला पेन्शनचा अर्ज भरायला आलेल्या एका काकूंना.

आपल्या फॉर्मवर वैवाहिक स्थितीत ‘विधवा’ निवडलं की पतीच्या नावाची चौकट राखाडी होते, तिच्यात काही लिहिता येत नाही. इथवर आपलं सौजन्य वाखाणण्यासारखं. पण अशी बंद केलेली चौकट ब्राउझर पुढे पाठवतच नाही. तिकडे सर्व्हरवर आपण मात्र नाव आलंच असणार असं धरून त्याच्या आगेमागे पडलेली मोकळी जागा छाटायला निघालात. पडद्यावर उमटलं: ‘कॅनॉट इन्व्होक स्ट्रिंग डॉट ट्रिम बिकॉज हजबंडनेम इज नल’. काकूंची नात इंग्रजी शाळेत जाते. तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘आजी, हजबंड नाहीये म्हणून होत नाही म्हणतंय.’

काकू म्हणाल्या, ‘नाही म्हणूनच तर आलेय ना.’

यावर आपल्या कॅच ब्लॉकमध्ये काही तरतूद असल्यास कृपया कळवावी. माझ्याकडे नव्हती.

‘युनिक कन्स्ट्रेंट व्हायोलेटेड’ हे आपलं वाक्य गावात विशेष आदरानं ऐकलं जातं. व्हायोलेशन म्हणजे कायदा मोडणं, एवढं इंग्रजी टीव्हीनं सगळ्यांना शिकवलंय. माणूस एकदम खुर्चीतून उठतो. वास्तविक अर्थ काय, तर या आधार क्रमांकाचा अर्ज आधीच जमा झालाय. म्हणजे काम झालंय, घरी जा, पेढे वाटा! इतकी शुभवार्ता आरोपपत्राच्या भाषेत सांगण्याचं कसब दुसऱ्या कुणाला साधणार नाही. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. आपल्या राज्याची राजभाषा जावा आहे, हे आम्ही समजून घेतलं.

शेवटच्या तारखेला तर आपण साहित्याची नवी दालनं उघडता. जुलै अखेर, बाहेर पाऊस, बाकड्यावर दाटी, आणि पडद्यावर ‘हिकारीपूल-१, कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’. पावसाळ्याचे दिवस, कुठला तरी पूल गेला असा गावाचा समज झाला, आणि तो मी मोडला नाही. खरं सांगायचं तर काय सांगू? हिकारी मुळात डेटाबेसच्या १० जोडण्या देतो आणि ३० सेकंद वाट बघून हात वर करतो. हे आकडे बदलायची मुभा तो ज्याला देतो ते आपण. शेवटच्या तारखेला जोडण्या दहाच्या दहा राहिल्या असतील, तर त्यामागे आपली साधी राहणी असणार.

रात्री बारानंतर पोर्टल पळतं, असा मोलाचा सल्ला आपल्या हेल्पडेस्कनं दिला. आभारी आहे. आमच्याकडे रात्री बारानंतर बिबट्याही पळतो. उसाच्या कडेनं दुकानापर्यंत कुणी यायचं हे एकदा ठरलं की कळवतो.

आता पैशाचं. शुल्क भरायला क्यूआर लावला, समोरच्याच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज वाजला, आणि आपण म्हणालात, ‘रीड टाइम्ड आउट’. याचा अर्थ आपण जाणता. पलीकडे निरोप गेला, उत्तर वेळेत आलं नाही. काम झालं असेल, नसेलही. हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. पण समोरच्याला त्या घडीला एकच जाणून घ्यायचं असतं: पैसे गेले का राहिले? ‘पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका, उद्यापर्यंत थांबा, हा क्रमांक जपून ठेवा’, एवढं म्हणाला असतात तरी माणूस शांतपणे घरी गेला असता. आपण ‘रीड टाइम्ड आउट’ म्हणालात आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं हिरवं बटण ठेवलंत. त्यानं केला. पैसे पुन्हा कापले. बटण आपण ठेवलंत, पैसे त्याचे गेले, आणि शिव्या मी खाल्ल्या. कामाची अशी वाटणी सहकारात आयुष्य गेलेल्या आमच्या तालुक्यालाही कधी जमली नाही.

कधीकधी आपण संकोच पूर्ण सोडता. पांढऱ्या पानावर टॉमकॅटचा पाचशे क्रमांकाचा अहवाल, खाली पानभर ‘अॅट अमुक डॉट तमुक’, आणि तळाशी कोणत्या आवृत्तीचा टॉमकॅट ते. मध्ये एक बारीक टीप असते, की मूळ कारणाचा संपूर्ण तपशील सर्व्हरच्या लॉगमध्ये उपलब्ध आहे. म्हणजे एवढं सगळं वाचून झाल्यावर शेतकऱ्याला कळतं की खरी गोष्ट दुसरीकडेच आहे. क्रमशः म्हणायचं राहिलं.

वसईहून मंचरला बदलून आलेल्या एका सिस्टरांना तर आपण अभ्यासालाच बसवलंत. आडनाव डि’सोझासारखं, मध्ये वरचा स्वल्पविराम असलेलं. तो स्वल्पविराम आपल्या एसक्यूएलमध्ये जाऊन रुतला. त्यावर आपण सिस्टरांना सुचवलंत, की आपल्या मायएसक्यूएल सर्व्हरच्या आवृत्तीला अनुरूप अशी माहितीपुस्तिका पाहावी. सिस्टरांची रात्रपाळी होती, जमलं नाही. नाव वाक्यात चिकटवण्याऐवजी वेगळं पाठवायची सोय, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, जावात १९९७ पासून आहे. पण पुस्तिका पाहायची तर सिस्टरांनी!

लोकांना मी आपली बाजूही समजावतो, गैरसमज नसावा. जावाचा कंपायलर हट्टी. ठरावीक एक्सेप्शन एकतर पकडा नाहीतर वर सोडा, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. संध्याकाळ झालेली, उद्या सकाळी साहेबांपुढे डेमो. एक्लिप्सला सांगितलं की तो स्वतःच कॅच ब्लॉक बांधून देतो आणि आत ‘टूडू’ अशी आठवण हिरव्या अक्षरांत टाकतो. आपण तिथे तपासणीपुरती एक ओळ घातलीत: जो काही संदेश असेल तो पानावर छाप. तात्पुरती. डेमो झाला, टाळ्या झाल्या, बदली दुसऱ्या प्रोजेक्टवर झाली. ओळ राहिली. ती हिरवी आठवण अजूनही तिथे असेल, कुणी वाचणारं भेटेल या आशेवर.

आपल्याला साधनं मिळाली नाहीत असंही नाही म्हणवत. चुकीच्या वेळी दाखवायचं पान एकदाच नेमून द्यायची सोय सर्व्हलेटच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये १९९९ पासून आहे. मराठी संदेश वेगळ्या फाइलीत ठेवायची रिसोर्स बंडलची सोय त्याहून जुनी, जावा १.१ मधली. स्प्रिंग बूटनं तर २०२० साली, २.३ आवृत्तीपासून, एक्सेप्शनचा संदेश बाहेर दाखवणं आपणहून बंद केलं. आपण सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालून तो पुन्हा चालू केलात आणि तिच्यापुढे लिहिलंत ‘ऑलवेज’. एकनिष्ठेचं इतकं निखळ उदाहरण लग्नपत्रिकांतही सापडत नाही.

शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं प्रिंट काढायला माझ्याकडे येतात, तेव्हा आपले संदेश त्यांना दाखवतो. ‘काका, हे लाइव्ह आहे?’ असं विचारतात. लाइव्ह आहे म्हटल्यावर फोटो काढून घेतात. प्रॅक्टिकलच्या वहीत असा कॅच ब्लॉक लिहिला तर मार्क जातात म्हणे. पोरांना कळत नाही की मार्क आणि पगार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या संदेशांचा गावात कुणाला उपयोग नाही असं म्हणालो तर तो अन्याय होईल. चोरांना आहे. तेच ते मन लावून वाचतात. टॉमकॅटची आवृत्ती कळली की त्या आवृत्तीला कुठे भोक आहे ते शोधायचं, एक स्वल्पविराम टाकायचा आणि आपण काय बोलता ते ऐकायचं, तक्त्यांची नावं एकेक करून जमवायची. स्वल्पविराम सिस्टरांनी अजाणता टाकला म्हणून निभावलं. वेब-सुरक्षेचं काम करणाऱ्या ओवॅस्पनं २००४ च्या धोक्यांच्या यादीत ही गोष्ट सातव्या क्रमांकावर लिहिली होती. इतक्या वर्षांत आपण ती यादी पाहिली नाही, कारण आपण स्वभावानं विश्वासू आहात.

लॉगिनच्या पानावरही आपला विश्वासूपणा दिसतो. नाव चुकलं की ‘असा वापरकर्ता नाही’, पासवर्ड चुकला की ‘पासवर्ड चुकीचा’. म्हणजे कुठले मोबाइल क्रमांक नोंदलेले आहेत ते बाहेरून एकेक करून विचारत बसता येतं. स्प्रिंग सिक्युरिटी मुळात दोन्हींना एकच उत्तर देते. आपण तिच्या तोंडून खरं वदवलंत.

आणि एका अण्णांच्या ट्रॅक्टरच्या अनुदानाच्या अर्जाची आठवण तर काढायलाच हवी. सगळे कागद जोडले, शेवटचं बटण दाबलं, आणि आपण म्हणालात, ‘नो सूटेबल ड्रायव्हर फाउंड’. अण्णा तडकले. ‘ड्रायव्हर कशाला पायजे? मी सोता चालवतो, चाळीस वर्षं झाली!’ मी पुढचं वाचत होतो. ‘फॉर’ या शब्दानंतर डेटाबेसचा पूर्ण पत्ता होता, त्याला जोडून वापरकर्त्याचं नाव, आणि त्यालाही जोडून पासवर्ड. अण्णांना ड्रायव्हर मिळाला नाही, मला किल्ली मिळाली.

अशा वेळी हेल्पडेस्कला फोन लावतो. तिथली मुलगी फार गोड बोलते आणि दर वेळी एकच मागते: ‘सर, एररचा स्क्रीनशॉट पाठवता का?’ आधी मला वाटायचं, ही यांची पद्धत असेल. मग उमगलं, त्यांच्याकडे खरंच काही नाही. आपण एक्सेप्शन पकडलंत, पानावर छापलंत, आणि लॉगमध्ये लिहायचं राहून गेलं. आपल्या चुकांची एकमेव नोंद माझ्या मोबाइलच्या गॅलरीत आहे, मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मध्ये मध्ये.

जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. कुठल्या कुठल्या आकाशगंगांचे निरोप येतात तिथे. ते समजायला महाकठीण असतात, पण जातात शास्त्रज्ञांच्या संगणकावर. शेजारच्या बागायतदाराच्या पडद्यावर लाल अक्षरांत येत नाहीत. ज्याला कळेल त्याच्याकडे ते पोचतात. आपला निरोप ज्याला कळतो ते आपण एकटे, आणि तो आपल्याखेरीज सगळ्यांना मिळतो.

आता आपला बहुमोल वेळ घेतलाच आहे तर एक मागणं मागतो, रागावू नये. आपल्याला जे कळायचं ते खुशाल इंग्रजीत, खुशाल पानभर, लॉगात लिहून ठेवा. पडद्यावर मात्र असं काही येऊ द्या: ‘अर्ज जमा झालेला नाही. पैसे कापलेले नाहीत. क्षेत्राच्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ०.४० असं लिहा, शेवटचं टिंब आणि शून्यं नकोत. अडल्यास हा क्रमांक सांगा.’ आणि तोच क्रमांक लॉगातल्या त्या पानावर टाका, म्हणजे हेल्पडेस्कच्या त्या मुलीला माझ्या मुलाचे वाढदिवस बघावे लागणार नाहीत. जिथे आपल्यालाच काय झालं ते माहीत नाही, तिथे तसं सांगा. ‘आमच्याकडून काही चुकलं, तुमची चूक नाही’, हे वाक्य आमच्या बाकड्यावर अजून कुणी वाचलेलं नाही. तुमची चूक नाही एवढं जरी छापलंत तरी माणसं आपल्याच अंगठ्याला दोष देत घरी जायची थांबतील.

कधी सवड झाली तर जरूर या. पुणे-नाशिक रस्त्यानं मंचरला उतरायचं, कुणालाही अवसरी बुद्रुक विचारायचं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आलात तर उत्तम. माझ्या खुर्चीत बसवतो, चहा देतो, आणि आपले संदेश आपल्याच तोंडून बाकड्याला ऐकू देतो. गळ्यातलं ओळखपत्र तेवढं पिशवीत ठेवून या.

कळावे, लोभ असावा, वाढला नाही तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
फॉर्म भरणारा,
अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव, जि. पुणे

ता. क. ज्ञानेश्वररावांचा तो रकाना २५ बाइटांवरून १०० अक्षरांचा करायला एक ओळ पुरते. ट्रॅक्टरचं पोर्टल तेच, किल्लीही माझ्याकडे आहे, मीच केला असता. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या रानात न विचारता पाऊल टाकत नाहीत, भले त्यानं ताटी उघडी टाकलेली असो.